पूर्णगडच्या सोळा बाटल्या

साल पंच्याऐंशी की शहाऐंशी, यावर माझं आणि माझ्या भावाचं अजून एकमत होत नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे एक वही आहे, पण तिच्यावर साल घालायचं मी विसरले होते. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि नमुन्यांच्या वहीवर साल नाही! मी त्या वयात कशी होते याचा वाचकांना यावरून अंदाज यावा. महिना फेब्रुवारीचा होता हे नक्की, कारण आंबा घाट उतरल्यापासून एस.टी.च्या खिडकीतून मोहोराचा वास येत होता आणि वडील तोंड भरून त्याची तारीफ करत होते.

मी कोल्हापूरला एम.फिल. करत होते. विषय होता समुद्रात तरंगणारे, चुन्याचं कवच असलेले बारीक जीव. कोल्हापुरात रंकाळा आहे, पंचगंगा आहे, समुद्र नाही. पण आमचे सर तरुणपणी समुद्राकाठी शिकलेले, आणि नोकरीनं त्यांना घाटावर आणून बसवलेलं. त्यांनी आपली हौस माझ्यावर भागवून घेतली असं आता वाटतं. ते सांगायचे की समुद्राचं ओंजळभर पाणी घेतलं तरी त्यात शेकडो जीव असतात. ते पोहत नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात. त्यातले काही पाण्यातला विरघळलेला चुना घेऊन आपलं घर बांधतात, टाचणीच्या टोकाहून लहान. मोठे मासे लहान माशांना खातात, लहान मासे यांना. म्हणजे आपल्या ताटातला बांगडा शेवटी यांच्याच जिवावर जगतो.

सरांची अट सरळ होती. खाडीच्या मुखातून आणि बाहेरच्या दर्यातून मिळून सोळा बाटल्या नमुने आणायचे. खर्च एकाच फेरीचा मंजूर झाला होता. बाटल्या नीट आल्या तर माझा विषय टिकणार, नाही तर सर म्हणाले तसं ‘गपचूप बेडकावर काम कर’. आमच्या विभागात सगळेच बेडकावर काम करत. मला बेडूक नको होता. त्या सोळा बाटल्यांवर माझं वर्ष होतं.

मुक्काम पूर्णगड

सरांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी पूर्णगडला पांडुरंग तांडेल यांच्या घरी माझी सोय केली होती. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, जांभ्याच्या भिंतींचं, पुढे माडांच्या सावलीत जाळी वाळत घातलेलं घर. काका पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. काकींचं नाव सुलोचना, आणि काकांच्या वाट्याचं बोलणंही त्याच बोलायच्या. मुलगी लग्न होऊन जयगडला गेलेली, मुलगा मुंबईला गोदीत. घरात दोघंच, त्यामुळे मी गेले ते त्यांना बरंच वाटलं असावं.

वडील मला पोचवायला आले होते. रात्री काकींनी तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं आणि कोकमाची कढी वाढली. आमच्याकडे नाकातून पाणी आल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. इथे तिखट बेतानं आणि खोबरं सढळ हातानं. वडिलांनी पहिल्या घासाला जरा तोंड वाकडं केलं आणि नंतर चार भाकऱ्या खाल्ल्या. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले ताटाच्या कडेला रचून त्यांनी चक्क मोजले. सकाळी पोरगी सुखरूप ठिकाणी आहे अशी खात्री करून ते पहिल्या गाडीनं परत गेले.

माझ्या आवाजानं सुरुवातीलाच गोंधळ झाला. मी आमच्या पद्धतीनं, दणदणीत, प्यायला पाणी मागितलं. काकी हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

“भांडतंस कोनाशी गो बाय?”

“भांडत नाही काकी. पाणी मागते आहे.”

“पानी असा मागतात तुमच्यात? मंग भांडताना काय करतात?”

त्यांच्या स्वयंपाकघराचे नियम मला कळायला वेळ लागला. मिठाच्या बरणीत चमचा म्हणून एक मोठी शिंपी असे आणि कोकमाच्या आंबट रसाच्या, म्हणजे आगळाच्या, बरणीत करवंटीची पळी. मी पहिल्याच दिवशी मदत करायच्या उत्साहात मिठातली शिंपी आगळात बुडवली आणि ती हातून निसटून तळाशी गेली. बोलणी बसतील म्हणून मी झाकण लावून गप्प राहिले.

बाईचा पाय

खरी अडचण वेगळीच निघाली. सोमवारी सकाळी मी जाळं, बाटल्या, दोरी, सगळं काखोटीला मारून किनाऱ्यावर गेले, तर काका होडीसमोर आडवे उभे राहिले.

“होडीत बाई चढत नाय.”

“पण काका, मला नमुने घ्यायचेत.”

“मी घेतो. कसा घ्यायचा ता सांग.”

त्या घरात ही जुनी रीत होती. होडीला बाईचा पाय लागला तर ती ओढून काढायची, धुवायची, नारळ द्यायचा आणि मगच परत पाण्यात घालायची. काकींनी तीस वर्षं त्या होडीची जाळी विणली होती, तिला तेल लावलं होतं, पण त्या तिच्यात एकदाही बसल्या नव्हत्या. मी वाद घालणार होते, पण काकींनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

मग मी वाळूवर बसून काकांना शिकवलं. माझं जाळं म्हणजे मलमलीहून बारीक कापडाचा एक निमुळता नरसाळ्यासारखा झोळ, टोकाला बाटली. ते हळूहळू ओढत न्यायचं, पाणी गाळलं जातं आणि जीव बाटलीत जमतात. काकांनी ते उन्हात धरून पाहिलं.

“ह्या जाळ्यात मासळी काय, मासळीची नजर पन नाय गावायची.”

पण त्यांचा हात बघण्यासारखा होता. एकदाच सांगितलं, आणि संथ वल्हवत, दोरीला झटका न देता त्यांनी मुखातून दोन आणि बाहेरच्या पाण्यातून दोन बाटल्या भरून आणल्या. मी त्यांत नमुने टिकवायचं औषध, कॉलेजातून आणलेलं फॉर्मलीन, घातलं, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पडवीत ओळीनं ठेवल्या. वासानं काकींचं मांजर दोन दिवस घरात फिरकलं नाही. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाचा आरसा निखळला होता आणि तो बसवण्यात संध्याकाळ गेली, म्हणून सोमवारच्या बाटल्या न बघताच बंद झाल्या.

काकींची पोरं

मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस आजही माझ्या आवडीचे आहेत. काका दहा वाजेपर्यंत चार बाटल्या आणत. मी खिडकीच्या उन्हात सूक्ष्मदर्शक मांडून ताज्या पाण्याचा एक थेंब बघे आणि मगच बाटलीत औषध घाले. पहिल्यांदा ती काचेची सुई दिसली तेव्हा मी ओरडलेच. सुईसारखं निमुळतं, आरपार दिसणारं कवच आणि तोंडाशी दोन पंख हलवत चाललेला जीव. जात गोगलगायीची, पण तिनं सरपटणं सोडून उडायचं ठरवलेलं. सर त्यांना समुद्रातली फुलपाखरं म्हणत, आणि ती खाडीबाहेरच्या पाण्यातच मिळतात असं सांगत.

काकी मासे कापता कापता आल्या, हात पदराला पुसला आणि एक डोळा मिटून बघू लागल्या. बराच वेळ त्यांना आपली पापणीच दिसत होती. मग त्या एकदम गप्प झाल्या, आणि काकी गप्प म्हणजे काहीतरी झालेलं असायचं.

“ह्या दोन झाकनांचा काय हाय? उघडतंय न मिटतंय.”

“ती तिसऱ्यांची पिल्लं, काकी. मोठी झाली की खाली बसतात, वाळूत.”

“हेवढ्याश्याला पन शिंपी?”

“हो. आधी घर, मग बाकीचं.”

काकी दर ओहोटीला खाडीत गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या काढत आणि बाजारच्या दिवशी टोपली घेऊन पावसला जात. ज्यांचा इतकी वर्षं संसाराला हातभार लागला त्यांची पोरं त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्या दिवसापासून दहा वाजले की त्या माझ्या आधी खिडकीशी हजर. शेजारणींनाही त्यांनी बोलावून आणलं, आणि माझी पोरं बघा म्हणून रांग लावली. एका म्हातारीनं थेंबाला नमस्कार केला.

जेवायला रोज उकडा भात आणि त्या त्या दिवशी जाळ्यात येईल ते. दुपारी मी किल्ल्यावर जाऊन बसे. तटावरून खाडीतलं मुचकुंदी नदीचं मातकट पाणी आणि बाहेरचं निळं पाणी यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसायची. मला घरची आठवण येत नव्हती याची मला जरा लाज वाटायची.

शुक्रवार

शुक्रवारी सोळा बाटल्या पुऱ्या झाल्या होत्या. मी निवांतपणे पहिल्यापासून तपासायला घेतल्या. सोमवारच्या ‘खाडीबाहेर’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला. सुई नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. दोन झाकणांची पिल्लं नाहीत, कवचांचा मागमूस नाही. नुसता गाळ आणि कसले तरी मऊ गोळे.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. सोमवारी काका बाहेर गेलेच नाहीत. मुखातच चार बाटल्या भरल्या आणि मला चिठ्ठ्या लावायला दिल्या.

ते पडवीत जाळं शिवत बसले होते. मी बाटली हातात घेऊन उभी राहिले आणि जे बोलले ते आजही मला तसंच्या तसं आठवतं. “काका, तुम्ही सोमवारी बाहेर गेला होता की इथल्याइथेच भरून आणल्या? खरं सांगा. माझं वर्ष जाईल याच्यात.”

माझ्या आवाजाची आता त्या घराला सवय झाली होती. पण या वेळी मी पाणी मागत नव्हते हे दोघांनाही कळलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, सुई जाळ्यात खोचली, उठले आणि किनाऱ्याकडे चालू लागले.

मी तावातावानं परत खिडकीशी आले आणि मंगळवारची बाटली उघडली. मंगळवारच्या सुया मी स्वतः पाहिल्या होत्या. मोजून वहीत लिहिल्या होत्या, काकींनीही पाहिल्या होत्या. त्या बाटलीतही काही नव्हतं. बुधवारच्या बाटलीत दोन-तीन कवचं होती, पण कडा झिजलेल्या, चाळणीसारखी भोकं पडलेली. गुरुवारच्या तेवढ्या धड होत्या. बारा बाटल्या गेल्या होत्या, आणि ज्या माणसानं त्या जीव लावून भरल्या त्याला मी खोटारडं ठरवलं होतं. मला रडू आलं, आणि बाटल्यांसाठी आलं की काकांसाठी हे तेव्हा मी ठरवलं नाही.

काकी आत आल्या. त्यांनी माझी समजूत घातली नाही. “काय झाला ता सांग आदी,” म्हणाल्या. मी सांगितलं, कवचं विरघळून गेली. त्यांनी कपाळाला हात लावून जरा विचार केला, आत गेल्या आणि आगळाची बरणी घेऊन आल्या. करवंटीच्या पळीनं तळ ढवळून त्यांनी काहीतरी वर काढलं. पहिल्या दिवशी माझ्या हातून पडलेली शिंपी. हाताला जाड लागणारी ती शिंपी आता पापडासारखी पातळ झाली होती आणि बोटानं दाबताच तिचा तुकडा पडला.

“तुला काय वाटला, मला ठावक नाय? त्याच दिवशी फेस आला व्हता बरनीत. बोलले नाय, पोरगी पावनी हाय म्हनून. आंबटात शिंपी ऱ्हात नाय, बाय. म्हनून तर करवंटीची पळी. तुज्या त्या वासाच्या पान्यात आंबट हाय काय बग.”

माझ्या पेटीत लिटमसचे कागद होते. एक निळा कागद फॉर्मलीनमध्ये बुडवला. तो लाल झाला.

फॉर्मलीन ठेवून ठेवून आंबट होत जातं, हे पुस्तकात होतं. पण आमच्या घाटावरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्यात बेडूक आणि गांडुळं ठेवली जात. बेडकाला शिंपी नसते. जुन्या बरणीतलं औषध कवचाच्या जिवांवर ओतायची चूक समुद्र न पाहिलेल्या विभागालाच सुचावी, आणि ती आम्ही मनोभावे केली होती.

“मंग आंबटाला आदी दुसरा काय तरी खायाला द्यायचा,” काकी म्हणाल्या. त्यांनी परसातल्या ढिगातून तिसऱ्यांचे ओंजळभर रिकामे शिंपले आणले आणि खलबत्त्यात कुटायला बसल्या. मी तो चुरा फॉर्मलीनच्या बरणीत टाकला. बारीक बुडबुडे आले. दोन तासांनी फडक्यातून गाळून पुन्हा निळा कागद बुडवला, तो निळाच राहिला. गुरुवारच्या चार बाटल्यांतलं औषध मी लगेच बदललं.

सूर्य कलताना काका परत आले. मी त्यांच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं. चूक माझी, तुमची नाही, मला कळलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“उद्या सकाळी तू होडीत ये,” ते म्हणाले.

“नको काका. माझा विश्वास आहे. तुम्हीच आणा.”

“तुजा इस्वास आता कागूद बगून बसला. माजा बसाया पायजे ना, का हिनं मला मानलान. ये तू. डोळ्यांनी बग मी कुटं जातो ता.”

“न चेडू एकटी कशी यायची तुमच्यासंगती?” काकी म्हणाल्या. “मी पन येते.”

काकांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, “नारळ काडून ठेव.”

शनिवार, दर्यात

पहाटेचा, जमिनीकडून दर्याकडे वाहणारा मतलई वारा पाठीवर घेऊन आम्ही निघालो. काकी होडीत चढताना लुगडं सावरत होत्या आणि किनाऱ्यावरच्या चार बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मातकट पाणी संपून निळं सुरू झालं ती रेघ आम्ही ओलांडली, आणि मला कळलं की सोमवारी काका माझ्यासाठी केवढ्या लांब आले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकी मागे वळून गावाकडे बघत होत्या. तीस वर्षं त्यांनी गावातून दर्या पाहिला होता, दर्यातून गाव कधीच नाही. किल्ला मुठीएवढा दिसत होता. त्यांनी आपलं घर शोधून काढलं.

“मागल्या अंगाची कौलां फुटलीत आपली. रोज बगताव हितून, न कदी सांगितलाव नाय.”

काका हसले. त्या दोन दिवसांत ते पहिल्यांदा हसले. दुपारपर्यंत आम्ही बाराही बाटल्या भरल्या. दोरी मी धरली, चिठ्ठ्या काकींनी चिकटवल्या, त्यातल्या दोन उलट्या. एका दिवसाच्या नमुन्यांवरून सरांनी मला पुढे बरंच ऐकवलं, पण कवचं शाबूत होती. माझा विषय टिकला. बेडकाशी माझा संबंध आला नाही.

परतताना होडी मुखाशी आली तेव्हा काकांनी वल्हं थांबवलं. कालपासून ते एकच गोष्ट मनात घोळवत होते हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

“आगळात शिंपी गेली. तुज्या बाटलीत गेली. मंग बाय, दर्याच आंबट झाला तर? ह्या पोरांनी घरां कशात बांदायची? न ती नाय झाली, तर माज्या जाळ्यात काय येल?”

सर एकदा वर्गात बोलले होते. गिरण्यांच्या, गाड्यांच्या धुरातला वायू हवेत साठतो, समुद्र त्यातला बराच पिऊन टाकतो, आणि त्यानं पाणी आंबटाच्या बाजूला जरासं झुकत असावं. परीक्षेला येणार नव्हतं, म्हणून मी लिहून घेतलं नव्हतं. ते होडीत मला आठवलं. पण समोर उन्हात चमकणारं एवढं थोरलं पाणी होतं, बाटल्या भरलेल्या होत्या, आणि मी खुशीत होते.

“नाही हो काका,” मी म्हणाले. “समुद्र कधी आंबट होत नाही. एवढा मोठा आहे तो, त्याला काय होतंय?”

“तू शिकलेली. तू सांगतंस म्हंजे तसाच असनार,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा वल्हं हातात घेतलं.

रविवारी मी गाडीत बसले. काकींनी कोकमं आणि सुके बांगडे बांधून दिले, कोल्हापूरपर्यंत शेजारच्या प्रवाशानं नाक दाबून घेतलं. पत्रं काही वर्षं चालली. मग माझं लग्न, नोकरी, बदल्या. काका गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, काकी जयगडला मुलीकडे गेल्याचं त्याहून उशिरा.

पुढे तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. वर्गात न लिहून घेतलेलं सरांचं वाक्य हळूहळू पुस्तकांच्या तळटिपांतून वर सरकत धड्यांच्या मथळ्यांपर्यंत आलं. समुद्र आगळासारखा आंबट झालेला नाही आणि होणारही नाही. पण तो त्या बाजूला झुकतो आहे हे आता नक्की झालंय. कवच बांधायला लागणारा माल पाण्यात कमी पडत चालला आहे, आणि आधी अडतात ती सगळ्यात लहान, पहिलं घर बांधणारी पिल्लं. ओंजळभर शिंपले कुटून एक बरणी सावरता येते. दर्याला पुरतील एवढे शिंपले घाईनं कुटून देणारं कुणी नाही.

पूर्णगडचं नाव निघालं की मला ते तीन दिवस आठवतात, खिडकीतलं ऊन, मासळीचा हात पदराला पुसून एक डोळा मिटणाऱ्या काकी, आणि जीव सुखावतो. मग काकांचा प्रश्न आठवतो. मी त्यांच्या शब्दावर शंका घेतली, तर त्यांनी घरची रीत मोडली आणि मला खाडीबाहेर नेऊन दाखवलं. माझा शब्द खोटा होता. तो त्यांनी एकदाही तपासून पाहिला नाही.